'कोरडी' नदीची दुरुस्ती

मोजणीच्या वहीत खाडाखोड करायची नाही, हा मी शिकलेला पहिला नियम. पुण्याला शिकत असताना आमचे सर कुणाच्या हातात खोडरबर दिसलं की ते काढून घ्यायचे आणि परत द्यायचे नाहीत. चुकीचं लिहिलं गेलं तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बरोबर काय ते शेजारी लिहायचं, बाजूला आपली आद्याक्षरं आणि त्या दिवसाची तारीख. हा नियम मी चाळीस वर्षं पाळला. एका नोंदीत पाळला नाही. ती नोंद एका नदीची आहे.

आपल्या मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या गेल्या दिवाळी अंकात ज्यांनी 'कोरडी' नदीवरचा लेख वाचला आणि तो पुढे पाठवला, त्यांनी कृपया हाही वाचावा आणि पुढे पाठवावा. लेख तसा चांगला होता. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, उंचावरच्या वाळवंटात एक नदी आहे, तिचं पात्र बाराही महिने कोरडं असतं आणि तिचं नाव नकाशावर 'कोरडी रिव्हर' असं आहे, हे त्यातलं सगळं खरं आहे. रस्त्यालगतच्या फलकावर लिहिलं आहे की 'कोरडी' हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ 'पाणी निजतं ती जागा' असा होतो. फलक खरोखर आहे. मात्र यावरून मराठीचं आणि तिथल्या भाषेचं प्राचीन नातं सिद्ध होतं, असं लेखात पुढे म्हटलं आहे, ते नातं पस्तीसेक वर्षांचं आहे. तो शब्द मराठीच आहे. तो तिथे मी लिहिला.

मी सर्व्हेअर होतो. या देशात आल्यावर दोन वर्षं मी मॉल बांधायच्या जागा मोजल्या आणि मग एका सरकारी नकाशा कार्यालयात लागलो. आतल्या वाळवंटाचे जुने नकाशे नवे करायचं काम चाललं होतं. त्या भागात नद्या भरपूर आहेत, पाणी नाही. नकाशावर अशा नदीची रेघ निळी पण तुटक काढतात. डोंगरात दहा-बारा घळी एकत्र येतात, त्यांचं एक रुंद वाळूचं पात्र होतं, त्याच्या दोन्ही काठांनी पांढऱ्या बुंध्याच्या जुन्या निलगिरी उभ्या असतात, आणि ते पात्र शंभरेक मैल जाऊन एका सपाट मैदानात नाहीसं होतं. समुद्राला मिळत नाही, दुसऱ्या नदीला मिळत नाही. नुसतं पसरतं आणि संपतं. कुठे संपतं हे त्या वर्षी पाऊस किती झाला त्यावर असतं. ऑफिसचा नियम असा, की प्रत्येक रेघेला सुरुवात, शेवट आणि एक नाव पाहिजे. या नदीचा शेवट कुठे धरायचा यावर दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत साहेबांनी पेन्सिल उचलली आणि एक फुली मारली. ती अजून तिथेच आहे.

नावांचंही तसंच होतं. आधीचे गोरे प्रवासी त्या भागातून गेले तेव्हा दिसेल त्या ओढ्याला त्यांनी नावं दिली. पत्नीचं, मेहुण्याचं, गव्हर्नराचं, आणि एका ओढ्याला तर तिथे मेलेल्या घोड्याचं. आमच्या वाट्याला आली ती मोठी नदी मात्र कशी कोण जाणे बिननावाची राहिली होती. यादीत तिचा नंबर सतरा. वरून आदेश असा होता की शक्य तिथे स्थानिक लोकांचं नाव विचारून घ्या. त्यासाठी आम्हाला एक दुपार दिली होती.

इथे मला माझ्या वहीबद्दल सांगितलं पाहिजे. फील्डच्या नोंदी इंग्रजीत ठेवायच्या असा नियम होता. मी त्या मराठीत ठेवायचो. गाडीचे हादरे, ऊन आणि माशा यांच्यात हात जी अक्षरं लहानपणी शिकला तीच भराभर काढतो. शिवाय नावं देवनागरीत बरोबर उतरायची. ऑफिसात परतलो की मी ते सगळं रोमन अक्षरांत छापील फॉर्मवर उतरवायचो आणि वही घरी न्यायचो. कुणाला पत्ता नव्हता. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती, आणि मी कायम व्हायच्या आधी कुणाला पत्ता लागू नये असं मला वाटत होतं.

पात्राशी पोचलो तेव्हा मी गाडीतूनच ओळ भरायला घेतली. नंबर सतरा. नावाचा रकाना मोकळा सोडला. पुढचा रकाना स्थितीचा. त्यात लिहिलं: कोरडी. पुढे रुंदी, मग काठांची उंची.

साहेबांनी आधी निरोप पाठवलेला होता, त्यामुळे एक म्हातारी बाई निलगिरीच्या सावलीत आमची वाट बघत बसली होती. केस पांढरे, अंगात फुलांचा फ्रॉक आणि वर पुरुषी जाकीट. साहेबांनी हॅट काढून विचारलं की या नदीला तुम्ही काय म्हणता. ती उठून पात्राच्या मधे गेली, वाळूत बसली आणि डब्याच्या झाकणाने उकरायला लागली. कोपर बुडेल इतका खड्डा झाला तेव्हा तळाची वाळू काळी झाली, मग चमकली, मग त्यात पाणी आलं. तिने ते जरा निवळू दिलं, झाकणात घेतलं, स्वतः प्याली, मला दिलं. पाणी गार होतं. मग तिने नाव सांगितलं.

साहेबांनी ते म्हणून बघितलं. ती हसली. साहेबांनी परत म्हटलं. ती आणखी हसली आणि म्हणाली, "आता तू भलतंच काहीतरी म्हणालास. ते म्हणू नकोस."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मेट, तू बघ बरं."

मी म्हटलं. त्या नावात दोन ळ आहेत आणि एक ण. आपल्याला त्यात अवघड काही नाही. ती हसायची थांबली.

"परत."

मी परत म्हटलं. तिने तिसऱ्यांदा माझ्याकडून घोटून घेतलं, कारण दुसऱ्या ळनंतरचा स्वर मी आखूड करत होतो.

"याला येतंय," ती साहेबांना म्हणाली. मग मला, "कुठला रे तू?"

"इंडिया."

"तिथे हा आवाज आहे?"

"माझ्या आडनावातच आहे."

"सांग."

मी आडनाव सांगितलं. तिने ते पहिल्या झटक्यात बरोबर म्हटलं. माझ्या आडनावातला ळ या देशात मी उतरलो त्या दिवशी विमानतळावरच गेला होता. त्यानंतर बँकेत, ऑफिसात, दवाखान्यात मी ल होऊन हिंडत होतो. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या माणसाने माझं आडनाव नीट उच्चारलं ते त्या दुपारी, आणि नंतर पुन्हा कधीच नाही. माझी मुलगी धरूनसुद्धा.

मी नाव वहीच्या समोरच्या कोऱ्या पानावर लिहिलं, मोठ्या अक्षरांत, कारण रकान्यात मावत नव्हतं. तिने वही मागितली, पान डोळ्यांजवळ नेलं.

"ही गोऱ्यांची अक्षरं नाहीत."

"नाहीत."

"बरं झालं." मग तिने बोटाने पात्र दाखवलं. "हे नाव इथलं. इथे, हे पाणी आहे तिथलं. वरच्या अंगाचं नाव वेगळं, ते वरच्यांना विचार. खालचं खालच्यांना. मी सांगणार नाही, ते माझं नाही."

साहेब घड्याळ बघत होते. त्या आठवड्यात आणखी अकरा नद्या होत्या. ते म्हणाले की एवढं एक पुरे, तेच सगळ्या रेघेला लावू. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"हे निदान बरोबर येईल ना नकाशावर?"

"येईल," मी म्हणालो.

ऑफिसात फॉर्म भरायला बसलो त्याला मधे तीन आठवडे गेले होते. नव्वदेक ओळी होत्या. देवनागरीतून रोमनमध्ये उतरवताना काही वेळाने अर्थ दिसेनासा होतो, नुसती अक्षरं इकडून तिकडे जातात. सतराव्या ओळीत नावाचा रकाना मोकळा होता. नजर एक घर पुढे सरकली. हाताने के, ओ, आर, डी, आय लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेला. ही चूक. मला तिचं फारसं काही वाटत नाही. नव्वद ओळींत एखादी चूक कुणाचीही होते.

चुकीनंतर जे झालं त्याचं मला वाटतं.

चार महिन्यांनी नकाशाचा पहिला छाप तपासायला माझ्या टेबलावर आला. तुटक निळ्या रेघेच्या पोटाशी तिरप्या अक्षरांत लिहिलं होतं, कोरडी रिव्हर. मला लगेच कळलं. घरी वही होती, वहीत समोरच्या पानावर नाव होतं. लाल पेनाने एक रेघ मारायची, शेजारी बरोबर नाव, बाजूला आद्याक्षरं. अर्ध्या मिनिटाचं काम.

तेवढ्यात साहेब चहाचा मग घेऊन माझ्या मागे उभे राहिले.

"कोरडी," ते वाचून म्हणाले. "छान आहे हे. म्हातारी म्हणाली त्यापेक्षा सोपं वाटतंय. लोकल नाव ना?"

नाही म्हटलं तर कसं झालं ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर वही मराठीत आहे हे सांगावं लागणार. पुढच्या महिन्यात मी कायम व्हायचा होतो.

"येप," मी म्हणालो.

तोपर्यंत मी नेहमी 'येस' म्हणत असे. 'येप' तो पहिलाच. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले. मी कोपऱ्यात आद्याक्षरं घातली, म्हणजे सगळं बरोबर आहे अशी सही. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. विचार करून म्हणाली, "निदान 'माहीत नाही' असं तरी लिहिलं नाहीस, नाहीतर नदीचं नाव तेच पडलं असतं." मग जरा वेळाने, "त्या बाईंना कळव हं." मी हो म्हणालो. बायकोला जाऊनही आता सहा वर्षं झाली. तिने हे कुणाला सांगितलं नाही आणि मलाही परत विचारलं नाही. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नकाशावर एकदा नाव आलं की ते स्वतःच्या जिवावर वाढतं. आधी हायवेवर पाटी लागली. मग पुलाचं नाव तेच पडलं, पुलाखाली वाळूच आहे ही गोष्ट वेगळी. मग अर्थासकट तो फलक लागला. 'पाणी निजतं ती जागा' हे कुणी शोधून काढलं ते मला माहीत नाही. मी त्यात नाही. पेट्रोलपंपाच्या दुकानात फ्रिजला लावायचे चुंबक मिळू लागले. मुलगी आणि जावई सुट्टीत तिकडे गेले तेव्हा त्यांनी एक आणला. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या घरात तो फ्रिजवर आहे. कुठल्या आठवड्यात कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा तो कागद त्याच्याखाली लावलेला असतो. दर बुधवारी मी तो बघतो.

मग जवळच्याच पॉइंट कुकच्या आमच्या ज्येष्ठ मंडळींची सहल गेली. मी गुडघ्याचं कारण सांगून थांबलो. बस त्या पाटीपाशी थांबली आणि काय झालं असेल ते तुम्ही ओळखाल. "अहो, कोरडी! आणि बघा, कोरडीच आहे!" ग्रुपवर त्या दिवशी दोनशे मेसेज आले. सहलीत रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते, माझे जुने मित्र. त्यांनी परतल्यावर तिथल्या भाषेतले मराठीशी जुळणारे आणखी चार शब्द शोधले आणि लेख लिहिला. लेखावर हॉलमध्ये व्याख्यान झालं, पडद्यावर पाटीचा फोटो भिंतीएवढा. आभार मानायला मला उभं केलं, कारण मी सर्व्हेअर. मी म्हणालो, "व्याख्यान अभ्यासपूर्ण होतं." हे माझं दुसरं येप.

चहाच्या वेळी प्राध्यापक मला म्हणाले, "तिकडे त्या लोकांचं भाषा केंद्र आहे. आजीआजोबा मुलांना शब्द शिकवतात. मी लेखाचं इंग्रजी करून त्यांना पाठवतोय. त्यांना किती आनंद होईल, नाही?"

वाळूत पाणी काढून दाखवणाऱ्या बाईच्या नातवंडांना मेलबर्नहून पत्र जाणार होतं, की तुमच्या नदीचं नाव मुळात आमचं आहे. आणि ते पत्र चुकीचंही नसणार होतं.

"केव्हा पाठवताय?"

"सूनबाई तपासून देतेय. या शनिवारी."

मंगळवार होता. घरी आलो आणि मुलीला सांगितलं. ती लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होती. तिने हेडफोन काढले.

"वेट. म्हणजे फ्रिजवरचं ते..."

"हो."

"बाबा, सिरियसली? यू नेम्ड अ रिव्हर 'ड्राय'? आणि इतकी वर्षं आम्हाला सांगितलं नाहीस?"

"आईला माहीत होतं."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "आणि खरं नाव कुठेय?"

खरं नाव गॅरेजमध्ये होतं. जुन्या बुटांच्या खोक्यात, वह्यांच्या गठ्ठ्यात, तिसऱ्या वहीत. पान पिवळं पडलं होतं, पेन्सिल शाबूत. डावीकडे सतरावी ओळ, उजवीकडे मोठ्या अक्षरांत ते नाव.

भाषा केंद्राचा नंबर मुलीने काढून दिला. पलीकडे साधारण तिच्याच वयाची बाई होती. मी तयार करून ठेवलेली तीन वाक्यं म्हटली. ती म्हणाली, थांब, आणि व्हिडिओ लाव म्हणाली. तिच्या शेजारी खुर्चीत एक फार म्हातारी बाई येऊन बसली. ती मला नाव सांगणाऱ्या बाईंची मुलगी. बाई खुद्द कधीच गेल्या. गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्याकडे उच्चारत नाहीत, म्हणून मी ते विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. या लेखात कुणाचंच नाव नाही त्याचं कारण हेच. बाकीच्यांनीही एवढं सोसावं.

"वाच," तरुण बाई म्हणाली.

मी चष्मा लावून वाचलं.  मग म्हातारी काहीतरी म्हणाली.

"ती म्हणतेय, परत."

मी परत वाचलं.

"दुसऱ्यातला स्वर लांब कर म्हणतेय."

तिसऱ्यांदा वाचलं. म्हातारीने मान हलवली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याशी इंग्रजीत बोलली. "आता आमच्यातली पोरंही असं म्हणत नाहीत. पाटी वाचतात आणि तेच म्हणतात." मग विचारलं, "आणि पाटीवर आहे त्याचा अर्थ काय?"

"ड्राय," मी म्हणालो.

तरुण बाई इतकी हसली की फोन हलायला लागला. "पाणी निजतं ती जागा!" ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, आमचाच कुठलातरी शब्द असेल, आम्ही विसरलो असू. घरोघर विचारत फिरलोय आम्ही."

हे मला माहीत नव्हतं. माझ्यामुळे एक नदी चुकीच्या नावाने ओळखली गेली एवढंच मी धरून चाललो होतो. कुणी आपल्याच आठवणीवर शंका घेत घरोघर हिंडलं असेल हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

मी माफी मागितली. म्हातारीने ती ऐकली की नाही कळलं नाही, कारण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"पण ती कोरडी नाही," ती म्हणाली. "खाली पाणी आहे. माझ्या आईने तुला दाखवलं नव्हतं?"

"दाखवलं होतं."

"पाजलं नव्हतं?"

"पाजलं होतं."

"मग तू 'ड्राय' का लिहिलंस?"

"ते आधी लिहिलं होतं. पाणी नंतर दिसलं."

"मग बदललं का नाहीस?"

 साहेब, नोकरी, फॉर्म या सगळ्याच्या आधी, त्या निलगिरीखाली, तोंडात ते पाणी असताना, हातात पेन्सिल असताना मी स्थितीच्या रकान्यावर एक रेघ मारायला पाहिजे होती. मारली असती तर तिथून उचलायला तो शब्दच उरला नसता. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिच्या लक्षात यायला तीन मिनिटं लागली.

खरं नाव मी इथे छापत नाही. नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाची घरं एकत्र बसतील, मग कुठलं नाव कुठपर्यंत आणि नकाशावर घालायचं की नाही ते ठरेल, असं त्यांनी सांगितलं आहे. मला काही ठरवायचं नाही. माझ्याकडून त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या, त्या पानाची प्रत आणि अक्षरं कशी वाचायची ते. मुलीने ळ, ण, ट यांचा एक तक्ता करून पाठवला. तो करताना ती आमचं आडनाव मोठ्याने म्हणत होती. अजून जमलेलं नाही, पण जवळ आली आहे. नकाशा कार्यालयालाही मी सही करून लेखी कळवलं आहे, पोच मिळाली आहे.

प्राध्यापकांना फोन केला तो शुक्रवारी.

"म्हणजे माझा लेख चुकीचा?"

"हो."

"सगळा?"

"नदीचं वर्णन बरोबर आहे. म्हणजे तेही नाही. खाली पाणी आहे."

"अहो, तुम्ही अभ्यासपूर्ण म्हणालात! माइकवर!"

"म्हणालो."

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पाच शब्दांतला एक गेला. चार उरतात." त्या चारांबद्दल मला काही माहिती नाही.

प्रत पाठवून झाल्यावर मी पेन्सिलीला टोक केलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आधीच्याचा फोटो आहे ना नीट?" आहे, म्हटलं. मग सतराव्या ओळीत स्थितीच्या रकान्यात 'कोरडी'वर एकच सरळ रेघ मारली. खालचं वाचता येतं. शेजारी लिहिलं: पाणी आहे, कोपरभर खाली. बाजूला आद्याक्षरं, आणि तारीख आजची.